कायदा सिगारेटचा, धूर विडीचा



ज्या गुरुजनांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांना प्रथम वंदन करतो. प्रौढांच्या धूम्रपानाला आवर घालण्यासाठी आपल्या देशात जे सार्वजनिक प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास आज आपणांसमोर मांडावयाचा आहे. विषय वैद्यकाचा वाटला तरी शेती, मजुरी, राज्यकारभार आणि लोकशिक्षण यांचे धागे त्यात गुंतलेले आहेत.

तंबाखू मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांनी ती इकडे आणली आणि पश्चिम किनाऱ्यावरून ती दख्खनच्या दरबारांत शिरली. अकबराचा वकील असद बेग याला ती विजापुरात आढळली. १६०४-०५ च्या सुमारास त्याने ती रत्नजडित नळीसह आग्र्यास नेऊन बादशहापुढे ठेवली. वस्तू अपरिचित आहे, तिचे गुणदोष पारखलेले नाहीत, असा आक्षेप दरबारच्या हकिमाने घेतला. अकबराने थोडा धूर घेऊन नळी बाजूस सारली. परंतु सरदारांना ती आवडली आणि व्यापाऱ्यांनी विक्री सुरू केली. १६१७ मध्ये जहांगीराने धूम्रपानास मनाई केली, तीही टिकली नाही. आरोग्याचा सल्ला, बाजाराची ओढ आणि राजाज्ञेची दुर्बलता या तिन्ही गोष्टी अशा प्रारंभीच दिसून येतात. ही कथा दूरची नव्हे. १६१९ मध्ये आपले बीदर याच विजापूरच्या राज्यात सामील झाले.

धुराच्या अपायाचा शास्त्रीय पुरावा मात्र विसाव्या शतकातला. १९५० मध्ये इंग्लंडात डॉल आणि हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने त्याला सरकारी मान्यता मिळाली. आपल्याकडेही शास्त्रज्ञ स्वस्थ बसले नव्हते. मुंबईचे थोर विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांचे सहकारी डॉ. संघवी व डॉ. राव यांनी १९५५ मध्येच धूम्रपान व तंबाखू चघळणे यांचा तोंड, घसा आणि अन्ननलिका येथील कर्करोगाशी असलेला संबंध प्रसिद्ध केला होता. येथील रुग्णाच्या हाती सिगारेटपेक्षा विडी अधिक होती, हे त्यांच्या अभ्यासात ध्यानात घेतलेले होते.

कायदा करणाऱ्यांनी मात्र ते ध्यानात घेतले नाही. १९७५ मध्ये संसदेने जो कायदा केला तो केवळ सिगारेटपुरता होता. पाकिटावर आरोग्यास अपाय होतो असा वैधानिक इशारा आला, तोही पाकिटावरील मजकुराच्याच भाषेत. म्हणजे इंग्रजी पाकिटावर इशाराही इंग्रजी! १९३० मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या वझीर सुलतान तंबाखू कंपनीची ‘चारमिनार’ या निजामी मुलखात सर्वांच्या ओळखीची होती. पण शेताच्या बांधावर आणि पारावर जी पेटत होती ती विडी अथवा चिलीम. तिच्यावर ना इशारा होता, ना सिगारेटइतका कर. ही उणीव २००३ चा कायदा येईपर्यंत, तब्बल २८ वर्षे राहिली.

असे का झाले, याचे एक कारण आपल्या शेजारीच आहे. सोलापुरात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळीत आल्या. निपाणीच्या तंबाखू-उत्पादकांनी रास्त भावासाठी १९८१ मध्ये मोठे आंदोलन केले. विडीवर हात टाकणे म्हणजे गरिबाच्या पोटावर हात टाकणे, असा युक्तिवाद होत असे. तो निराधार नव्हता. परंतु विडी ओढणाराही गरीबच होता, आणि कर्ता पुरुष आजारी पडला की ज्या घरावर आघात होई तेही गरिबाचेच, हे त्या युक्तिवादात विसरले जाई.

या काळात खरे मोलाचे काम कायद्याबाहेर झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळ, आंध्र आणि गुजरातच्या खेड्यांतील ३६ हजार तंबाखूसेवकांचा अभ्यास हाती घेतला. वर्षानुवर्षे घरोघर जाऊन तोंड तपासावयाचे, दिसलेला दोष त्या माणसाला समजावून सांगावयाचा, असा तो क्रम होता. ज्यांना असा सल्ला मिळाला त्यांच्यात सवय सोडणारे अधिक निघाले, असे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. १९८७ मध्ये बार्शीस ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांच्या गावोगावी फिरून कार्यकर्त्यांनी रुग्णांची मोजदाद केली, आणि खेड्यातला कर्करोग प्रथमच हिशेबात आला.

त्यानंतर पावले भराभर पडली. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास प्रतिबंध केला. २००३ च्या कायद्याने विडीसह सर्व तंबाखू कक्षेत घेतली आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीस मनाई केली. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणांविषयीचे नवे नियम अमलात आले, तर ३१ मे २००९ पासून पाकिटावर चित्ररूप इशारा आला. निरक्षर माणसाशीही इशारा बोलू लागला तो तेव्हा.

फळ दिसले. देशातील १५ वर्षांवरील लोकांत धूम्रपान करणारे २००९-१० मध्ये शेकडा १४ होते. २०१६-१७ मध्ये ते १०.७ झाले. तरीही दुसऱ्या सर्वेक्षणात विडी ओढणारे ७.७ व सिगारेट ओढणारे ४ टक्के होते. शिवाय धूर कमी म्हणून तंबाखू कमी, असे समजू नये. त्याच सर्वेक्षणात कर्नाटकात धूम्रपान करणारे ८.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे १६.३ टक्के होते. महाराष्ट्रात हेच आकडे ३.८ आणि २४.४ असे होते. सीमेच्या दोन्ही बाजूंस पुडीचा प्रश्न धुराहून मोठा ठरला आहे. विडी नजरेआड करण्याची जी चूक १९७५ मध्ये झाली, ती पुडीच्या बाबतीत पुन्हा होता कामा नये.

जहांगीराच्या हुकमापासून आजपर्यंतच्या या इतिहासाचे सार एवढेच की, कायदा आवश्यक आहे. पण आपला माणूस प्रत्यक्षात काय सेवन करतो हे पाहून, त्याच्या भाषेत, त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बोलल्याखेरीज तो पुरा पडत नाही. ते बोलणे परक्या अधिकाऱ्यापेक्षा या शाळेत शिकलेल्या मुलामुलींना अधिक साधेल. आपले वडील, काका, मामा यांच्याशी आदराने पण स्पष्टपणे हा विषय काढणे, हीच गुरुजनांच्या स्मृतीस खरी आदरांजली होईल.