सोलापूर शहरातील वारसास्थळांची पायी भ्रमंती

सोलापूर शहराच्या जुन्या भागातील किल्ला, मंदिरे, वाडे, गिरण्यांचे अवशेष आणि कलाविषयक स्थळे एकमेकांपासून फार दूर नाहीत. एक-दोन दिवसांच्या मुक्कामात यांपैकी बहुतेक ठिकाणे पायी पाहता येतात. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट व गाणगापूर या तीर्थक्षेत्रांकडे जाणारे प्रवासी सोलापूरचा उपयोग प्रामुख्याने गाडी बदलण्यापुरता करतात, त्यामुळे खुद्द शहर अनेकदा पाहायचे राहून जाते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू या चार भाषा येथे पिढ्यान्‌पिढ्या बोलल्या जातात. शहराची वास्तुकला व संगीत समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.

भुईकोट किल्ला

शहराच्या मध्यभागी असलेला हा किल्ला बहमनी काळातील मानला जातो. डोंगराचा आधार नसल्याने त्याचे संरक्षण दुहेरी तटबंदी, बुरूज आणि खंदक यांवर अवलंबून होते. तीन बाजूंना रुंद खंदक आणि पूर्वेला सिद्धेश्वर तलाव अशी त्याची रचना आहे. बहमनी सत्तेच्या विघटनानंतर विजापूरची आदिलशाही व अहमदनगरची निजामशाही यांच्यात या किल्ल्यासाठी दीर्घकाळ संघर्ष चालला. चांदबिबीचा विवाह अली आदिलशहाशी झाला तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून देण्यात आला. एका लग्नात दिला गेलेला किल्ला म्हणूनही त्याची ओळख सांगितली जाते. विजापूरवरील मोहिमेच्या वेळी, १६८५ च्या सुमारास, औरंगजेबाचा तळ सोलापुरात होता. मे १८१८ मध्ये ब्रिटिशांनी हा किल्ला पेशव्यांच्या सैन्याकडून जिंकून घेतला.

तटाच्या भिंतींचे निरीक्षण सावकाश करावे. जुन्या मंदिरांचे कोरीव दगड बांधकामात पुन्हा वापरलेले काही ठिकाणी दिसतात. आतील भागात एका प्राचीन मंदिराचे अवशेष उघडे झाले आहेत. एकाच आवारात मंदिराचा पाया, सुलतानी काळातील कमानी आणि नंतरच्या दुरुस्त्या पाहायला मिळतात. मात्र माहितीचे फलक अपुरे असल्याने पूर्वतयारी न केलेल्या पाहुण्याला यातील कोणता भाग कोणत्या काळातील हे उमगणे कठीण जाते.

सिद्धेश्वर मंदिर आणि नंदीध्वजांचा मार्ग

किल्ल्याला लागून असलेल्या तलावात सिद्धेश्वर मंदिर आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर हे सोलापूरचे ग्रामदैवत मानले जातात. ते बसवेश्वरांचे समकालीन होते आणि त्यांनी कन्नड भाषेत वचने रचली. तलावाची निर्मिती लोकसहभागातून त्यांनीच केली, तसेच गावाभोवती ६८ लिंगांची स्थापना केली, अशी परंपरा आहे. त्यांची समाधी मंदिराच्या आवारातच आहे. मंदिराची सध्याची वास्तू वेगवेगळ्या काळांत वाढत गेलेली आहे. तिच्या शिल्पकामापेक्षा चहूबाजूंचे पाणी व पलीकडचा तट यांमुळे जागेचा प्रभाव अधिक जाणवतो.

मकर संक्रांतीला भरणारी येथील यात्रा ‘गड्ड्याची यात्रा’ म्हणून ओळखली जाते. सिद्धरामेश्वरांशी विवाहाची इच्छा धरणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली, अशी कथा आहे. त्या विवाहाचे स्मरण म्हणून हा सोहळा साजरा होतो. उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यापासून सात उंच नंदीध्वजांची मिरवणूक निघते. हे ध्वज तोलून नेणारे भाविक पांढऱ्या बाराबंदीत असतात. पहिल्या दिवशी ध्वजांसह ६८ लिंगांची नगरप्रदक्षिणा होते, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा आणि तिसऱ्या दिवशी होम मैदानावर होमविधी होतो.

शहर पायी पाहण्याची ही सोलापूरची स्वतःची आणि सर्वांत जुनी रीत म्हणता येईल. प्रदक्षिणेच्या वाटेवरची लिंगे घरांच्या ओट्यांजवळ, बोळांत व बाजारपेठेत विखुरलेली आहेत. त्यांचा माग काढत गेल्यास कसबा, बाळीवेस व जुन्या पेठांची मांडणी आपोआप उलगडते. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस या नावांतून नगराच्या जुन्या प्रवेशद्वारांची स्मृती टिकून आहे. बाळीवेशीतील मल्लिकार्जुन मंदिरही याच वाटेवर पाहता येते.

इंद्रभुवन आणि चार हुतात्मे

सोलापूर महानगरपालिकेचे मुख्यालय असलेली इंद्रभुवन ही इमारत व्यापारी अप्पासाहेब वारद यांनी निवासासाठी बांधली. युरोपीय व भारतीय शैलींचे मिश्रण, दगडातील बारीक नक्षी आणि दर्शनी भागावरील मूर्ती यांमुळे ती शहरातील सर्वांत अलंकृत वास्तू ठरते. गिरण्या आणि कापडाच्या व्यापारातून आलेली सुबत्ता त्या काळी कोणत्या थाटात मिरवली जात असे, याचा हा दगडी पुरावा आहे.

महात्मा गांधींना मे १९३० मध्ये अटक झाल्यानंतर सोलापुरात उग्र आंदोलन झाले, काही दिवस ब्रिटिश प्रशासनाचा अंमल जवळजवळ संपुष्टात आला आणि नंतर शहरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. शहरातील चार हुतात्म्यांचे पुतळे त्यांचे स्मारक आहेत. नाट्यप्रयोग व मैफलींसाठी वापरले जाणारे ‘हुतात्मा स्मृती मंदिर’ हे नाट्यगृहही त्यांच्याच स्मृतीशी जोडलेले आहे.

गिरण्या व विणकाम

रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली आणि १८७७ मध्ये येथील पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. पाळीच्या वेळा सांगणाऱ्या भोंग्यांवर शहराचा दिनक्रम चाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या जागांवर वसाहती उभ्या राहत असून औद्योगिक वास्तूंचा हा वारसा मंदिरे व किल्ल्याच्या तुलनेत अधिक वेगाने नाहीसा होत आहे.

विणकामाची परंपरा मात्र पूर्व भागातील यंत्रमागांवर जिवंत आहे. तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांनी ती घडवली. जकार्ड यंत्रणेवर विणलेल्या, दोन्ही बाजूंनी वापरता येणाऱ्या सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. या वस्तीतून चालताना मागांचा ठेका गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू येतो.

संगीत व शाहिरी

लावणीकार राम जोशी (१७६२–१८१२) हे सोलापूरचे. तमाशाकडे वळलेल्या या संस्कृतज्ञ शाहिराने पुढे कीर्तनेही केली आणि मोरोपंतांच्या आर्या लोकांपर्यंत नेल्या. मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदुस्थानी अशा भाषा एकाच रचनेत गुंफण्याचे त्यांचे कसब सोलापूरच्या बाजारपेठेतच घडू शकले असते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. त्यांच्या जीवनावरील ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट १९४७ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात जयराम शिलेदार यांनी प्रमुख भूमिका केली.

सुंदरी हे या परिसराचे वैशिष्ट्यपूर्ण वाद्य होय. सनईच्या कुळातील, परंतु तिच्यापेक्षा आखूड असलेल्या या वाद्यावर शास्त्रीय राग वाजवण्याची परंपरा जाधव घराण्याने जोपासली. सिद्राम जाधव हे तिचे ख्यातनाम वादक होते. वादकांची संख्या मोजकीच असल्याने हे वाद्य ऐकण्याची संधी मिळाल्यास ती सोडू नये. एरवी शहराचे संगीत सणांमध्येच अधिक भेटते. नंदीध्वजांपुढील हलगी, लिंगायत घरांतील वचनगायन, पूर्व भागातील तेलुगू भजने आणि नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवातील वाद्ये ही त्याची उदाहरणे आहेत.

डॉ. कोटणीस स्मारक

रेल्वेस्थानकाच्या बाजूला भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–१९४२) यांचे जन्मघर स्मारकाच्या रूपाने जतन केले आहे. चीन-जपान युद्धात चीनमध्ये रुग्णसेवा करताना त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील व्ही. शांताराम यांचा चित्रपट १९४६ मध्ये आला.

भेटीचा काळ

उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ पायी हिंडण्यास सोयीचा असतो. गड्ड्याच्या यात्रेत किल्ला व मंदिर परिसरात मोठी गर्दी असते. वास्तू निवांत पाहायच्या असल्यास ते दिवस टाळावेत, आणि मिरवणूक पाहायची असल्यास मुक्कामाची सोय आधीच करावी.