अंबानगरीची अक्षरे

शके ११६२, म्हणजे इ. स. १२४०. त्या साली अंबाजोगाईत एक देऊळ उभे राहिले ते एका बहिणीच्या इच्छेने. तिचे नाव लक्ष्मी. वडील खोलेश्वर, देवगिरीच्या सिंघण यादवाचा नावाजलेला सेनापती. भाऊ राम मोठी फौज घेऊन गुजरातच्या स्वारीवर गेला, नर्मदेपर्यंत पोचला, गुर्जर सैन्याशी निकराने लढला आणि तिथेच पडला. लक्ष्मीने त्याच्या पुण्यासाठी विष्णूचे देऊळ बांधले, देवाला रामनारायण असे भावाचेच नाव दिले आणि झाली हकिगत संस्कृतात दगडावर कोरून ठेवली.

यादवांच्या शिलालेखांत राजांच्या बिरुदांना तोटा नाही. कोणाला हरवले, कोणते गाव कोणाला इनाम दिले, याच्या याद्या पानेच्या पाने भरतील. अंबाजोगाईच्या या लेखात मात्र पराक्रमाच्या वर्णनाआडून एका घरातले दुःख स्पष्ट दिसते. नर्मदेकाठी पडलेल्या तरुणाची आठवण बालाघाटाच्या डोंगरातल्या गावात, त्याच्या बहिणीने राखली. मराठवाड्यातल्या कोणत्याही स्मारकाइतके हे मोलाचे आहे, आणि तरीही अंबाजोगाईला येणाऱ्या शंभरातल्या नव्वद लोकांना लक्ष्मीचे नावही कोणी सांगत नाही.

लोक येतात ते योगेश्वरीसाठी. जयंती नदीच्या काठचे हे देवस्थान दूरदूरच्या घराण्यांचे कुलदैवत आहे. विशेष म्हणजे समुद्रकाठच्या कोकणस्थांचेही. परशुरामाने वसवलेल्या चित्पावनांना मुली मिळाल्या त्या अंबाजोगाईच्या, आणि त्या मुलींसोबत त्यांची देवीही सासरी गेली, अशी कथा त्यामागे सांगतात. देवीला तांबुलाचा नैवेद्य लागतो. आश्विनातल्या नवरात्राखेरीज मार्गशीर्षातही तिचे नवरात्र बसते आणि पौर्णिमेला त्याची सांगता होते.

दुसरी कथा लग्नाचीच, पण मोडलेल्या. योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता. मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड झाले. पुरावा पाहिजे असेल तर गावाबाहेरच्या हत्तीखान्यात जावे, असे गावकरी सांगतात. डोंगराच्या खडकात कोरलेले हे लेणे म्हणजे जोगाईचा मंडप. सुमारे ९० फूट लांब आणि ४५ फूट रुंद दालन, ३२ खांब, पुढे अंगण आणि अंगणात चार दगडी हत्ती. अभ्यासकांच्या लेखी हे शिवलेणे आहे. पण हत्तींसमोर उभे राहिले की वऱ्हाडाची कथा कशी सुचली असेल ते लगेच कळते: एवढे मोठे प्राणी, कोणाची तरी वाट पाहत थांबल्यासारखे.

खोलेश्वराचा मुक्काम याच गावात असे. लक्ष्मीच्या लेखाच्या आधी बारा वर्षे, शके ११५० मध्ये, कोरलेला दुसरा लेख सकलेश्वराच्या देवळाचा आहे. गावात हे ठिकाण बाराखांबी म्हणून ओळखले जाते. तेराव्या शतकात हे गाव देवगिरीच्या राज्यातले एक वजनदार ठाणे होते, हे या दोन लेखांवरून दिसते. खोलेश्वराचे नाव गावातल्या शाळेने आणि महाविद्यालयाने आजही चालवले आहे.

दगडावरची भाषा संस्कृत होती. मराठीत ग्रंथ लिहायचे धाडस त्याच्याही आधी झाले, आणि ते करणारा मुकुंदराजही याच गावचा मानला जातो. 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधी १०२ वर्षे. वेदान्तासारखा विषय ओवीत, लोकांच्या बोलीत सांगता येतो हे त्याने १८ प्रकरणांत दाखवून दिले. या सालाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. काहींना ग्रंथ पुष्कळ नंतरचा वाटतो. गावाबद्दलही वाद आहे. ग्रंथात अंबानगरीचा उल्लेख येतो तो वैनगंगेच्या काठासह, आणि वैनगंगा इथून फार दूर. त्यामुळे विदर्भातले आंभोरे हेच मुकुंदराजाचे गाव, असे तिकडचे लोक ठामपणे सांगतात. त्याच्या परंपरेतल्या हरिनाथाची समाधी आंभोऱ्याला आहेच. अंबाजोगाईकडे मुकुंदराजाची स्वतःची समाधी आहे. गावाबाहेर डोंगराच्या कड्याखाली, खोल दरीत. त्या दरीत उतरल्यावर वादाचा निकाल लावायची घाई राहत नाही. मराठीच्या आद्यकवीवर दोन गावे हक्क सांगतात याचा दोन्ही गावांनी अभिमान बाळगावा.

यानंतरचा माणूस दासोपंत. त्याच्याजवळ जरा जास्त वेळ थांबायला हवे.

दासोपंतांचा जन्म शके १४७३ चा, १५५१ मधला. बिदरच्या मुलखातल्या नारायणपेठेचे देशपांडे घराणे. वडील दिगंबरपंत. चरित्रकथा अशी: दुष्काळात वसूल भरता आला नाही म्हणून बिदरच्या बादशहाने लहानग्या दासोपंतांना ओलीस ठेवले. महिन्याच्या आत रक्कम आली नाही तर मुलाला बाटवायचे, अशी अट. शेवटच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाच्या माणसाने येऊन सगळी रक्कम भरली आणि तो नाहीसा झाला. तो दत्तच होता, असे दासोपंतांनी जन्मभर मानले. पुढे घर सोडून, बरीच भटकंती करून ते अंबाजोगाईला आले आणि इथलेच झाले. १६१५ च्या सुमारास, माघ वद्य षष्ठीला त्यांनी देह ठेवला. समाधीही इथेच आहे.

मधल्या वर्षांत त्यांनी जे लिहिले त्याचा आकडा ऐकून आजही माणूस थबकतो. एकट्या 'गीतार्णवा'ची ओवीसंख्या सव्वा लाख सांगतात. ज्ञानेश्वरी सुमारे नऊ हजार ओव्यांची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाचा आवाका समजतो. त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आठवण परंपरेने जपली आहे. शाईचा हिशेब ठेवून सांगितलेला मोठेपणा मराठीत तरी दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आल्याचे आठवत नाही.

आणि मग ती पासोडी. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे दुहेरी, जाडेभरडे सुती पांघरूण. शेतकरी थंडीत जे लपेटून आगटीपाशी बसे, ते. दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा पासोडीवर 'पंचीकरण' लिहिले. पंचमहाभूते एकमेकांत मिसळून देह आणि जग कसे घडते, याचे हे विवेचन. कागद असताना कापड का घेतले असावे? पोथीचे पान एका वेळी एकाच्या हातात असते. पसरलेल्या पासोडीभोवती मात्र दहा-वीस जण बसून एकदम वाचू शकतात. अवघड विषय शिकवण्यासाठी याहून चांगला फळा सोळाव्या शतकात कुठे मिळाला असता? चारशे वर्षे उलटली तरी ही पासोडी टिकून आहे. दासोपंतांच्या घराण्याची थोरले आणि धाकटे अशी दोन देवघरे अंबाजोगाईत आहेत, आणि या घरांनी जे सांभाळले ते मोठमोठ्या ग्रंथालयांनाही सहज जमले नसते.

निजामी अमलात गावाचे नाव मोमिनाबाद झाले. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी इथे होती. १९०३ मध्ये ती फौज इंग्रजांच्या हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. राज्यकारभार उर्दूत चाले आणि शाळाही बहुतेक उर्दूच. अशा काळात योगेश्वरी नूतन विद्यालयासारखी मराठी शाळा चालवणे हे देवळाचा जीर्णोद्धार करण्याइतकेच मोठे काम होते. १९३५ मध्ये या शाळेत स्वामी रामानंद तीर्थ आले. हेही दासोपंतांसारखे दक्षिणेकडून आलेले, मूळचे विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचे. १९३८ मध्ये ते इथून निघाले ते हैदराबादच्या सत्याग्रहासाठी. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, पुढे मोमिनाबाद पुन्हा अंबाजोगाई झाले, आणि १९७४ मध्ये निघालेल्या इथल्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाला स्वामीजींचे नाव मिळाले. १९८३ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली याच गावात भरले. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या गावी ते त्याआधीच भरायला हवे होते.

२०२४ च्या मार्चमध्ये राज्याच्या पुरातत्त्व विभागाने बाराखांबीच्या आवारात खोदकाम सुरू केले, तेव्हा मातीखाली आणखी दोन देवळांचे पाये लागले. खोलेश्वराच्या काळात तिथे लेख कोरला गेला, त्याला तेव्हा ७९६ वर्षे झाली होती.