कुठल्या वेशीतून बाहेर?

मंडळी, परवा घरात एक घोटाळा झाला. बेळगावला माझी धाकटी बहीण आजारी आहे. रोज रात्री संगणकावर व्हिडिओ लावून आम्ही बोलतो. त्या रात्री ती डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला लागली आणि चित्र जागच्या जागी थिजले. ब्रॉडबँडची तार ठणठणीत, दिवा हिरवा, आणि बोलणे मात्र बंद!

नातवाने येऊन बघितले आणि जीभ चावली. मागच्या पावसाळ्यात तार तुटली तेव्हा त्यानेच फोनचे इंटरनेट जोडून 'आधी ही वाट घे' असे विंडोजला सांगून ठेवले होते. तार दुरुस्त झाली, पण हुकूम तसाच राहिला. त्या दिवशी फोन पुन्हा जोडला गेला आणि सगळे डाउनलोड तिकडून होऊन दिवसाचा डेटा संपला. वाट बंद नव्हती, नुसती मुंगीच्या चालीने चालली होती. म्हणून संगणकाने ती सोडलीही नाही.

मी इतिहासाचा मास्तर. विचारले, "बाहेर कुठून पडायचे हे प्रोग्रॅमला का नाही ठरवता येत?"

येते म्हणे, आणि ती सोय जुनी आहे. 1983 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या 4.2 बीएसडी या प्रणालीत 'बाइंड' आले. त्याने प्रोग्रॅम स्वतःचा पत्ता आधी पक्का करू शकतो. पण बाहेर जाणारे बहुतेक प्रोग्रॅम ही तसदी घेत नाहीत. मग प्रणाली वाटांचा तक्ता बघते, आणि दोन वाटा सारख्याच असतील तर कमी आकड्याची निवडते. आमचा घोटाळा त्या आकड्यातच होता.

खरी गंमत पुढे आहे. आपल्या जुन्या कोल्हापूरला तट होता, वेशी होत्या. तट गेला, तरी गंगावेश, रंकाळावेश आणि आमच्या पेठेतली वरुणतीर्थ वेश तोंडात आहेतच. समजा, पत्रावर पत्ता रंकाळावेशीचा आणि जासूद बाहेर पडला गंगावेशीतून, तर चालेल का? 1989 च्या आरएफसी 1122 या नियमपत्रात कडक आणि सैल अशी दोन्ही मते मांडून निकाल न देताच सोडून दिला आहे. (आमच्या शाळेतल्या सभांचे इतिवृत्त आठवले!) विंडोज एक्सपीपर्यंत मामला सैल होता. 2007 मध्ये व्हिस्टा आली आणि ज्या वेशीचा पत्ता त्याच वेशीतून बाहेर, असा कडक नियम झाला. लिनक्स मुळात अजून सैलच आहे. मात्र तिथे वेशीचे नाव घेऊन प्रोग्रॅम तिलाच बांधून ठेवता येतो. त्याला आधी खास अधिकार लागत असे, 2020 च्या 5.7 आवृत्तीपासून ती अट ढिली झाली.

असो. नातवाने आकडा बदलला. दुसऱ्या रात्री बहीण म्हणाली, "दादा, आज तुझ्या चष्म्याची मोडकी काडीसुद्धा दिसते आहे. ती बदल आधी."