नाममुद्रा आणि मालकी

जुन्या शाहिरांची एक रीत श्रोत्यांच्या परिचयाची आहे. कवन संपता संपता कवी शेवटच्या चरणात आपले नाव गुंफतो. कर्तृत्व नोंदवण्याचे दुसरे साधन त्याच्यापाशी नव्हते. परंतु नाममुद्रेने कर्तृत्व सिद्ध झाले, तरी मालकी सिद्ध होत नाही. मुंबईच्या उपनगरांतील रॅप गाणाऱ्या तरुणांचा अलीकडचा इतिहास हा ह्याच भेदाचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

हा भेद ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच दिसतो. १९०२ साली कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीने गौहरजान ह्यांची गाणी मुद्रित केली. गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव उच्चारीत. कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत, आणि गायिका कोण हे तेथील कारागिरांना कळावयास हवे होते. नाव गायिकेचे, मुद्रण कंपनीचे! पुढे घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहून लिहिणारे अण्णा भाऊ साठे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत घरोघर पोहोचले; पण १९६९ साली ते निवर्तले ते विपन्नावस्थेतच. कवन लोकांच्या ओठी असणे आणि कवीची चूल पेटणे ह्या दोन गोष्टी निराळ्या, हे उपनगराने तेव्हाच पाहिले होते.

रॅप म्हणजे तालाच्या ठेक्यावर यमकबद्ध शब्द झपाट्याने म्हणणे. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वस्तीत उगवलेली हिप हॉपची ही कला आमच्या गल्ल्यांत आली, आणि येथलीच भाषा बोलू लागली. २०१४ साली कुर्ल्याच्या नेझी ह्या तरुणाने आपले ‘आफत’ हे गाणे एका आयपॅडवर तयार केले. पुढच्याच वर्षी अंधेरीच्या जे. बी. नगरातील डिव्हाइन आणि नेझी ह्यांचे ‘मेरे गली में’ सोनी म्युझिक ह्या बड्या कंपनीने प्रकाशित केले. गाणे निर्माण करण्यास कंपनी लागत नाही, हे पहिल्याने दाखविले. ते दूरवर नेण्यास कंपनी उपयोगी पडते, हे दुसऱ्याने.

अडचण उपजते ती करारात. तमाशाच्या फडात कलावंत उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत बांधला जातो, हे आपण जाणतोच. ध्वनिमुद्रणाच्या करारांतही बहुधा तसेच घडते. कंपनी आगाऊ रक्कम देते, खर्च करते, आणि तो वसूल होईपर्यंत कलावंताच्या हाती फारसे पडत नाही. मूळ मुद्रणाचा हक्क मात्र पुष्कळदा कंपनीकडेच राहतो. भाडे थकलेल्या घरातील विशीच्या मुलाने सही करताना कलमे वाचावीत ही अपेक्षा रास्त आहे. पण ती घासाघीस करण्याचे बळ त्याने कोठून आणावे?

२०१२ च्या कायदादुरुस्तीने ह्यात मोलाची भर घातली. गीतकार व संगीतकार ह्यांना आपला रॉयल्टीचा हक्क कंपनीस सोडून देता येत नाही, असे तिने ठरविले. रॅप गाणारा स्वतःचे शब्द स्वतःच लिहितो, म्हणून हा कायदा त्याचाही आहे. मात्र मुद्रणाची मालकी त्याने परत मिळत नाही. ती करारावरच ठरते.

म्हणून २०१९ हे वर्ष आम्हांस महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी ‘गली बॉय’ चित्रपटाने ह्या गल्ल्या देशभर नेल्या. डिव्हाइनने ‘गली गँग’ ही स्वतःची संस्था उभारली. तरी ‘कोहिनूर’ हा गीतसंग्रह त्याने युनिव्हर्सलशी संलग्न अशा ‘मास अपील इंडिया’तर्फे काढला. त्याच वर्षी ‘स्वदेसी’ ह्या चमूने आरेच्या प्रकाश भोईरांना सोबत घेऊन आदिवासींच्या जमिनीचे गाणे केले.

दोन्ही वाटा मानाच्या आहेत. बड्या कंपनीशी हात मिळवणे हा कमीपणा नव्हे. मात्र कोणता हक्क किती वर्षांकरिता दिला, हे कलावंतास ठाऊक असले पाहिजे. शाहिराने शेवटच्या चरणात नाव घातले. आजच्या शाहिराने ते करारातही, योग्य त्या कलमात, घालावे, एवढेच आमचे सांगणे आहे.