शाळेत संगणक आधी आला, प्रश्न नंतर

तुम्ही पुण्यात असा, इंदूरला, बडोद्याला, बेळगावात नाहीतर बेंगळुरूत. घरात शाळेत जाणारं लहान मूल असेल तर आजचा विषय तुमच्या घरातलाच आहे. मुलांना संगणक कधी शिकवायचा, मोबाइल हातात कधी द्यायचा, आणि त्यावर दिसतं ते खरं की खोटं हे त्यांना कसं कळायचं, यावर हल्ली घरोघरी वाद होतात. पण आपल्या देशाने हा विषय शाळेत आणला कसा, याचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही. तो जवळपास पन्नास वर्षांचा आहे आणि त्याची सुरुवात संगणकापासून होत नाही. ती होते टीव्हीपासून.

१ ऑगस्ट १९७५. अमेरिकेच्या 'नासा'चा एटीएस-६ हा उपग्रह भारताने एका वर्षासाठी वापरायला घेतला आणि 'साइट' नावाचा प्रयोग सुरू झाला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी त्यात होती. त्यातल्या बहुतेक गावांनी टीव्ही तोवर पाहिलाच नव्हता. सकाळचा दीड तास शाळेतल्या मुलांसाठी, वय वर्षं ५ ते १२. कार्यक्रम हिंदी, कन्नड, तेलुगू आणि ओडिया अशा चार भाषांत. मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम तयार करायला 'इस्रो'चा मुंबईचा स्टुडिओ होता, म्हणजे महाराष्ट्रातली खेडी या प्रयोगात नसली तरी मुंबईचा हात त्यात होता.

हे सगळं ऐकायला फार छान वाटतं, आणि ते होतंही. पण तारखेकडे बघा. जूनच्या अखेरीस देशात आणीबाणी लागली होती. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता. 'साइट'चा करार १९६९ सालचा, विक्रम साराभाईंच्या हयातीतला, त्यामुळे आणीबाणीसाठी तो प्रयोग उभा केला असं म्हणणं चुकीचं ठरेल. तरीही लाखो मुलांची पडद्याशी पहिली ओळख झाली ती अशा वर्षी, ज्या वर्षी पडद्यावरून येणाऱ्या शब्दाला उलट प्रश्न विचारायची मोठ्यांनाही सोय नव्हती. टीव्ही सांगतो आणि आपण ऐकतो, हे नातं तिथे पक्कं झालं.

गंमत अशी, की त्याच मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ पासून नेमका उलटा प्रयोग चालू होता. होशंगाबाद विज्ञान. मुलांनी स्वतः प्रयोग करायचा, दिसलं ते स्वतःच्या वहीत लिहायचं, आणि 'हे तुला कशावरून कळलं?' या प्रश्नाला उत्तर द्यायचं. प्रा. यशपाल यांच्यासारख्या माणसाचा दोन्हीकडे संबंध होता. पण एका गावातली मुलं पडदा बघत होती आणि दुसऱ्या गावातली मुलं प्रश्न विचारत होती. पडद्यालाच प्रश्न विचारावा, हे मात्र कुणाच्या अभ्यासक्रमात आलं नाही. होशंगाबादचा कार्यक्रम पुढे शेकडो शाळांत पसरला आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. त्यावर वेगळा भाग करावा लागेल.

आता येऊ संगणकाकडे. १९८४ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' प्रकल्प सुरू केला. पहिल्या फेरीत २५० शाळा. यंत्र कोणतं? 'बीबीसी मायक्रो'. ३२ किलोबाइट मेमरी! आज तुम्ही व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करता तो गुड मॉर्निंगचा फोटोही त्यात मावणार नाही. या यंत्राचा जन्म ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ब्रिटनच्या प्रसारण संस्थेने, बीबीसीने, लोकांना संगणकसाक्षर करायचं ठरवलं, १९८२ मध्ये त्यासाठी टीव्ही मालिका काढली आणि मालिकेबरोबर वापरायला 'एकॉर्न' कंपनीकडून हे यंत्र बनवून घेतलं. म्हणजे माध्यम आणि यंत्र तिथे जोडीनेच आले होते. आपल्याकडे पोहोचली ती मुख्यतः पेटी. शिवाय ती पोहोचली माध्यमिक शाळांत. प्राथमिकच्या मुलांचा तिथे विचारच नव्हता. पुढे प्रकल्प वाढत अडीच हजारांच्या आसपास शाळांपर्यंत गेला, आणि अनेक ठिकाणी त्या काळचं ते चित्र तुम्हाला आठवत असेल: संगणकाची खोली, दाराबाहेर चपला, यंत्रावर प्लॅस्टिकचं आवरण आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात.

१९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. त्यात शालेय पातळीपासून संगणक साक्षरता वाढवण्याचं आश्वासन आहे. त्याच धोरणात माध्यमांवरही परिच्छेद आहेत आणि ते मला जास्त बोलके वाटतात. टीव्ही आणि सिनेमामुळे मुलं चंगळवाद आणि हिंसेकडे वळतात, ही काळजी त्यात आहे. उपाय काय सांगितला? शिक्षणाच्या उद्दिष्टांना मारक ठरणारे कार्यक्रम रोखायचे आणि मुलांसाठी चांगले चित्रपट काढायचे. मुलाला कार्यक्रम पारखायला शिकवावं, असं तिथे सुचलेलं दिसत नाही. दूरदर्शन एकच असेल तर 'वाईट ते रोखू' हे निदान बोलता तरी येतं. पाचेक वर्षांतच केबल आली आणि रोखणारा हात तोकडा पडला. धोरण मात्र १९९२ च्या दुरुस्तीनंतरही त्याच वळणाचं राहिलं.

२६ जानेवारी १९९९ ला दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी 'एनआयआयटी'च्या आवाराच्या भिंतीला भोक पाडून पलीकडच्या झोपडवस्तीच्या बाजूने एक संगणक बसवला. मुलं कुणी न शिकवता तो चालवायला शिकली आणि ही कथा जगभर गेली. माझं मत थोडं वेगळं आहे. यंत्र चालवायला लहान मुलं आपली आपण शिकतात, हे त्या भिंतीने सिद्ध केलं, आणि ते मान्यच करायला हवं. पण मग शिक्षकाचं काम कुठे उरतं? जिथे मूल आपलं आपण पोहोचत नाही तिथे. समोर आलेली गोष्ट कुणी बनवली, कशासाठी बनवली, तिच्यातून काय गाळलं, हे भिंतीतला संगणक सांगत नाही.

केरळमध्ये २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीची पुस्तकं विंडोजवर बेतलेली होती. शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी विरोध केला, आणि काही वर्षांत सगळा अभ्यासक्रम लिनक्सवर गेला. हा वाद पैशांचा होता तसा ताब्याचाही होता. सॉफ्टवेअर आपल्या हातात असल्यामुळे शिक्षकांना ते मल्याळममध्ये आणता आलं, आपल्या धड्याला जुळवून घेता आलं. २०१७ मध्ये पहिली ते चौथीच्या मुलांसाठी 'कळिप्पेट्टी' नावाची पुस्तकं आली. कळि म्हणजे खेळ, पेट्टी म्हणजे पेटी. चित्र काढा, कोडं सोडवा, माउस धरायला शिका. संगणकाच्या खोलीचं कुलूप निघालं म्हणायचं ते इथे.

आणि मग २०१८.

त्या वर्षी मुलं पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा देशभर फिरली. तिच्याबरोबर एक व्हिडिओ फिरत होता: मोटरसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारं मूल उचलतात आणि पसार होतात. तो व्हिडिओ होता कराचीतला, मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेला. मूळ चित्रफितीत ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला होता. बाकी काहीच केलं नव्हतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच माणसांना ठार मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी फिरत आलेली माणसं होती. आपल्या पिढीला यंत्र शिकवलं होतं. फॉरवर्ड करायला कुणाला अडचण आली नाही.

त्याच सुमारास केरळच्या कण्णूर जिल्ह्यात जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी सरकारी शाळांत 'सत्यमेव जयते' नावाचा उपक्रम सुरू केला. सुरुवातीला सुमारे १५० शाळा. मागे कारण होतं: गोवर-रुबेला लसीविरुद्धच्या अफवांनी आईबाप लस द्यायला तयार नव्हते, त्यात निपाहची साथ आली आणि तिच्याबरोबर आणखी अफवा. वर्गात जवळपास एका तासिकेत मुलांना खोट्या बातम्या दाखवून विचारायचं: हे कोण सांगतंय, फोटो कधीचा आहे, दुसरीकडे कुठे छापून आलंय का? २०२२ मध्ये हा कार्यक्रम राज्यभर गेला. पाचवी ते दहावीच्या १९ लाखांहून अधिक मुलांसाठी अडीच तासांचं प्रशिक्षण ठरवलं गेलं. २०२४ मध्ये पाचवी आणि सातवीच्या संगणकाच्या पाठ्यपुस्तकातच खोटी बातमी ओळखण्याचा भाग आला. तो नागरिकशास्त्रात न घालता संगणकाच्या पुस्तकात घातला, हे मला फार योग्य वाटतं. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने व्हिडिओचा तुकडा कापला आहे, त्याला कराचीचा व्हिडिओ दाखवून 'याच्या पुढे काय असेल?' असं विचारता येतं. ज्याने कधी कापलंच नाही, त्याला कापता येतं हेच ठाऊक नसतं.

मुलांना शिकवून उपयोग होतो का, असं तुम्ही विचाराल. सुमित्रा बद्रिनाथन यांनी २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये मोठ्या माणसांना घरी जाऊन तासाभराचं प्रशिक्षण दिलं. सरासरीने काही फरक पडला नाही. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बिहारच्याच ५८३ गावांत १३,००० हून अधिक मुलामुलींना, तेही काही आठवडे वर्गात बसवून, आरोग्याविषयीच्या अफवा पारखायला शिकवलं. फरक पडला, काही महिन्यांनी तपासलं तेव्हाही टिकलेला होता, आणि घरी आईवडिलांपर्यंतही थोडा झिरपला होता. ही मुलं तेरा वर्षांच्या पुढची होती, हे मात्र सांगायला हवं.

धाकट्यांचं काय? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० कोडिंग आणतं ते सहावीपासूनच्या टप्प्यात. ते धोरण जाहीर झालं त्या जुलै महिन्यात आपल्याकडे 'शाळा बंद, शिक्षण सुरू' चाललं होतं, आणि पहिली-दुसरीच्या मुलांचा गृहपाठ बाईंकडून व्हॉट्सॲपवर येत होता. त्याच फोनवर, त्याच हिरव्या खिडकीत, वरच्या गटात बाईंचा पाढा आणि खालच्या गटात काढ्याने करोना बरा झाल्याचा निरोप. सहा वर्षांच्या मुलाला दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्ही आईच्या फोनवर आले आहेत. त्या वयाला बातमीची शहानिशा जमणार नाही. पण 'हे बाईंनी पाठवलं की कुणी दुसऱ्याने?' एवढं विचारायला जमतं, आणि चित्र अर्धं झाकून 'झाकलेल्या भागात काय असेल?' हा खेळ तर बालवाडीतही चालतो. त्यासाठी संगणकाची खोली लागत नाही, वीजही लागत नाही.

तुमच्या मुलांच्या शाळेत, महाराष्ट्रात किंवा बाहेर, असा एखादा धडा घेतला जात असेल तर तो कोणत्या इयत्तेत आहे आणि संगणकाचे सर घेतात की वर्गाच्या बाई, हे आम्हाला जरूर कळवा.