नदी हलली, सीमा कुठे राहिली?

जमिनीच्या मोजणीशी ज्यांचा कधी संबंध आला आहे, त्यांना ‘मळईची जमीन’ हा शब्द ठाऊक असतो. नदी एका काठाची माती खाते, दुसऱ्या काठाला गाळ टाकते. मग नवी जमीन कोणाची यावरून भावाभावांत तंटे होतात. हाच तंटा दोन देशांत झाला तर? तसा तो झाला आणि शंभर वर्षे चालला. त्याच्या कागदपत्रांनी आणि जुन्या नकाशांनी माझी दोन-तीन वर्षे खाल्ली.

अमेरिकेतील टेक्सासचे एल पासो आणि मेक्सिकोतील सिउदाद हुआरेस या शहरांच्या मधून रिओ ग्रांदे वाहते. मेक्सिकोत तिलाच रिओ ब्राव्हो म्हणतात. जरा वर, न्यू मेक्सिको राज्यात लास क्रुसेस आहे. तिन्ही शहरे आणि आसपासची गावे धरली तर वस्ती पंचवीस लाखांच्या पुढे जाते. त्यातले पंधरा लाख एकट्या हुआरेसचे. दोन देश, तीन राज्ये, पण वस्ती सलग. एल पासोचे घड्याळसुद्धा उरलेल्या टेक्सासच्या एक तास मागे चालते.

मूळ गाव दक्षिण काठावरचे. १६५९ मध्ये तिथे ग्वादालूपेचे मिशन उभे राहिले आणि एल पासो देल नोर्ते, म्हणजे उत्तरेची खिंड, हे नाव रूढ झाले. १८४८ च्या तहात मेक्सिकोने अर्धा मुलूख गमावला आणि गावाला पाणी देणारी नदी सरहद्द बनली. फ्रेंचांनी पिटाळलेले राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस १८६५-६६ मध्ये इथेच आश्रयाला होते. १८८८ मध्ये गावाने त्यांचे नाव घेतले. जुने नाव मग पलीकडच्या नव्या शहराकडेच राहिले.

तहात सीमा म्हणजे नदीची मध्यरेषा असे लिहिले होते, आणि सगळी भानगड तिथेच आहे. वाळूत वाहणारी ही नदी दक्षिणेकडे सरकत गेली. १८६४ च्या पुराने तर तिने मोठी झेप घेतली. मेक्सिकोची सुमारे सहाशे एकर जमीन उत्तर काठाला गेली. तिथे उगवणाऱ्या ‘चामिसो’ नावाच्या झुडपावरून तिला चामिसाल म्हणत. १८८४ च्या करारात नियम ठरला : नदी हळूहळू सरकली तर सीमाही सरकेल; एकदम पात्र बदलले तर सीमा जुन्या जागीच राहील. नियम न्यायाचा आहे. पण नदीने माती हळू खाल्ली की एका घासात, हे पुढे तीस-चाळीस वर्षांनी कोण सांगणार?

१९०९ मध्ये टाफ्ट आणि पोर्फिरिओ दिआस हे दोन अध्यक्ष इथे भेटले, तेव्हा चामिसालवर कोणाचाच झेंडा लावायचा नाही असे ठरले. दीड वर्षाने, मे १९११ मध्ये, क्रांतिकारकांनी हुआरेस जिंकले. एल पासोचे लोक गच्च्यांवर चढून लढाई पाहत होते. चुकार गोळ्यांनी इकडचेही काही मेले. त्याच वर्षी जूनमध्ये कॅनडाचे युजीन लाफ्लर अध्यक्ष असलेल्या लवादाने निकाल दिला : १८६४ च्या पात्राने जमीन वाटून घ्या. अमेरिकेने तो धुडकावला. लवादाला वाटणी करण्याचा अधिकारच नव्हता आणि १८६४ चे पात्र आता सापडायचे नाही, असे तिचे म्हणणे. आपणच मान्य केलेल्या पंचाचा निवाडा असा झिडकारणे मला तरी शोभणारे वाटत नाही.

मधल्या काळात चामिसालवर एल पासोची दाट वस्ती झाली. कागदावर भांडणाची असलेली जमीन लोकांच्या लेखी अंगण होते, शाळेची वाट होती. १९६२ मध्ये केनेडी आणि लोपेस मातेओस यांनी प्रश्न मिटवायचे ठरवले. २९ ऑगस्ट १९६३ रोजी तह झाला. मेक्सिकोला ६३० एकर, अमेरिकेला कोर्दोव्हा बेटाचे १९३ एकर. या ‘बेटा’ला पाणी वेढत नव्हते; १८९९ मध्ये पूर टाळण्यासाठी नदीचे वळण कापले, तेव्हा उत्तरेकडे अडकलेला तो मेक्सिकोचा तुकडा होता. नदीने पुन्हा दगा देऊ नये म्हणून सुमारे सात किलोमीटरचे सिमेंटचे पात्र बांधले. डिसेंबर १९६८ मध्ये जॉन्सन आणि दिआस ओर्दास यांच्या साक्षीने पाणी त्यात वळवले.

दुबळ्या शेजाऱ्याची जमीन बलाढ्य देशाने लढाईशिवाय परत केली, ही गोष्ट जगात दुर्मीळ आहे, आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र गौरवाच्या लिखाणात एक आकडा घाईने उरकला जातो. सुमारे ५,६०० माणसांना घरे सोडावी लागली. त्यांतले बहुतेक मेक्सिकन वंशाचे अमेरिकन नागरिक होते. मेक्सिकोची प्रतिष्ठा राखली गेली, अमेरिकेची उदारता दिसली, आणि किंमत मोजली ती दोन्ही देशांशी नाते असलेल्यांनी. रिओ लिंडासारखी वस्ती नकाशावरून पुसली गेली.

आणि ती नदी? १९१६ मध्ये वर न्यू मेक्सिकोत एलिफंट ब्यूट धरण पूर्ण झाले. १९०६ च्या करारानुसार मेक्सिकोला वर्षाला साठ हजार एकर-फूट पाणी मिळते. तेही शहराच्या वरच्या अंगाला बंधाऱ्यावरून पाटात वळते. एल पासोकडचे पाणी त्याच्याही आधी कालव्याने निघून जाते. एवढ्या हौसेने बांधलेले ते सिमेंटचे पात्र वर्षाचे बरेच महिने कोरडे असते.