तिथीची गर्दी, वाराची गर्दी

जयपूरच्या चोखी ढाणीला जायचे तर शनिवार-रविवार टाळावा, मधल्या वारी जावे, हा सल्ला प्रवासाची आखणी करणाऱ्या मराठी कुटुंबाला कुणी ना कुणी देतोच. टोंक रस्त्यावर मुद्दाम उभारलेल्या या खेड्यात रोज संध्याकाळी घूमर आणि कालबेलिया नाचले जातात, कठपुतळ्यांचे खेळ होतात, दाल-बाटी-चूरम्याच्या पंगती बसतात. सुट्टीच्या दिवशी तिथे दाटी होणारच, तेव्हा सल्ला व्यवहाराचा आहे. मात्र त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: गर्दी वारावर ठरते, आणि गर्दी ही अडचण असते. जयपूरचा इतिहास पाहिला तर पहिली गोष्ट अगदी अलीकडची निघते, आणि दुसरी आजही अर्धीच खरी आहे.

सवाई जयसिंगांनी 1727 मध्ये हे शहर वसवले. ते स्वतः ज्योतिर्विद होते. त्यांच्या जंतरमंतरमधले सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच आहे, आणि त्याच्या चापावर सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. जरा थांबून पाहिले तर ती चाल डोळ्यांना दिसते. काळ इतका बारकाईने मोजणाऱ्या या शहराची गर्दी मात्र तिथीवर चाले. चैत्र शुद्ध तृतीयेला, म्हणजे आपल्याकडे चैत्रगौर बसते त्याच दिवशी, गणगौरची मिरवणूक राजवाड्यातून त्रिपोलिया दरवाजाने बाहेर पडते. श्रावण शुद्ध तृतीयेला तीजची. हत्ती, उंट, वाजंत्री आणि मधोमध देवीची पालखी. ही गर्दी टाळण्याचा विचार कुणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते, कारण गर्दी हाच सोहळा होता. याचा सर्वांत बोलका पुरावा दगडात उभा आहे. सवाई प्रतापसिंगांनी 1799 मध्ये हवामहाल बांधला, त्याला 953 खिडक्या. पडद्यातल्या ज्या स्त्रियांना रस्त्यावर उतरता येत नव्हते, त्यांना जाळीआडून मिरवणूक आणि तिच्याभोवतीची माणसे दिसावीत म्हणून. नुसती गर्दी पाहता यावी यासाठी राजाने पाच मजली दर्शनी भिंत उभारावी, यातच त्या काळी गर्दीची किंमत काय होती ते कळते.

यावर कुणी म्हणेल, वार काही इंग्रजांनी आणले नाहीत. सोमवार शंकराचा, शनिवार मारुतीचा, आठवड्याचे बाजारही जुनेच. बरोबर आहे. पण तो वार देवाचा किंवा बाजाराचा होता, सगळ्या शहराने एकाच वेळी हातातले काम खाली ठेवण्याचा नव्हता. तो बदल गिरण्या, रेल्वे आणि कचेऱ्या यांच्याबरोबर आला, आणि त्यातला एक मोठा टप्पा मराठी माणसाने गाठून दिला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी 1884 पासून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही त्यांच्या युक्तिवादाचा भाग होता. 10 जून 1890 रोजी मालकांनी ती मान्य केली आणि 1891 च्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. देवाचा वार असा श्रमणाऱ्याच्या विश्रांतीचा वार झाला. जयपुरात याच सुमारास हिंडायला जाण्याच्या नव्या जागा तयार होत होत्या: रामनिवास बाग 1868 ची, आणि तिच्यातले अल्बर्ट हॉल संग्रहालय 1887 मध्ये लोकांना खुले झाले. अशा जागांना तिथी नसते. रोज उघडणाऱ्या जागेत माणसे आपल्या सवडीने येतात, आणि सवड रविवारी असली की गर्दीही रविवारीच होते.

चोखी ढाणी ही या वाटेवरची पुढची पायरी. वर्षातून एकदा भरणारी जत्रा तिथे रोज संध्याकाळी भरते. तिथी सुटली आणि तिकीट आले. अशा ठिकाणी दाटीमुळे पाहुण्याच्या वाट्याला कमी येते, म्हणून मधल्या वाराचा सल्ला इथे पुरता लागू पडतो. आमेरच्या किल्ल्यालाही पडतो, कारण शीशमहालाच्या आरशांसमोर निवांत उभे राहायला मिळणे यातच तिथले सुख आहे. पण तोच सल्ला सबंध शहराला लावला की फसतो. मोतीडुंगरीच्या गणपतीला जयपूरकर बुधवारी लोटतात, नव्या गाड्या पूजेसाठी तिथे आणतात; मंगळवारी गणपतीला जाणाऱ्या मराठी माणसाला हे ठाऊक नसते, आणि आठवड्याचा मधला म्हणून नेमका तोच वार तो निवडतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गर्दीत चेंगराचेंगरी होते, लहान मुले आणि म्हातारी माणसे हाल सोसतात. मग तिचे कौतुक कशाला? हाल खरेच आहेत, आणि ते कमी करणे हे व्यवस्थेचे काम आहे. पण मधल्या वारी जाणे हा त्यावरचा उपाय ज्याला रजा मिळते त्याच्यापुरताच. ज्याचा खाडा म्हणजे बुडालेली मजुरी, त्याला रविवारच आहे, आणि तोही लढून मिळालेला. रविवारच्या रांगेत उभ्या असलेल्या त्या कुटुंबाला चुकीच्या दिवशी आलेले म्हणणे मला पटत नाही. तीज तर कोणत्याही वारी येवो, जाळीदार घेवर आणि लहरियाच्या ओढण्यांनी बाजार आधीच भरून जातो, आणि पालखी निघण्याच्या कितीतरी आधी त्रिपोलिया बाजारातल्या गच्च्यांवर बायका-मुले जागा धरून बसलेली असतात.